विहिरीचं पाणी चांगलं आहे, असं कोणाच्या भरवशावर म्हणायचं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी या पट्ट्यात वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतोय. बिरवाडीच्या नाक्यावर बसा, जित्याला जा नाहीतर आसनपोईला, थोड्या वेळाने विषय पाण्यावर येतोच. आणि दोन बाजू पडतात. एक म्हणते, "चाळीस वर्षं हेच पाणी पितोय, काय झालं आम्हाला?" दुसरी म्हणते, "एमआयडीसी आल्यापासून घराघरात आजार आहे, डोळे असून दिसत नाही का?" दोघंही मनापासून बोलतात, पण हातात कागद दोघांच्याही नसतो.

हा प्रश्न काही फक्त आपला नाही. जगात जिथे जिथे कारखान्याशेजारी गाव आहे, तिथे तो विचारला गेलाय. त्याचं उत्तर शोधायची पद्धत कशी तयार झाली, तो इतिहास आज सांगतो. कोणाला दोषी ठरवायला ही पोस्ट नाही. दोषी असो वा नसो, ते ठरवायचं कसं एवढंच सांगायचं आहे.

आधी आपल्याच तालुक्याचा इतिहास

पाण्यावरचा खटला महाडला नवा नाही. मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव 1923 साली मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. त्यानंतर तळं "बाटलं" म्हणून 108 घागरी पंचगव्य ओतून शुद्धीकरण झालं. पुढे काही जण कोर्टात गेले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून आहे, असा त्यांचा दावा होता. दहा वर्षांनी, 17 मार्च 1937 ला, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. रूढी तशी प्राचीन असल्याचं दावेदारांना सिद्ध करता आलं नाही.

हे आज का सांगतोय? पाण्याच्या भांडणात भावना दोन्ही बाजूंना असतात, पण निकाल लागतो तो पुराव्यावर. आणि पुरावा कोणी द्यायचा, यावर अर्धी लढाई ठरते. ती माणसाच्या हक्काची लढाई होती, आजचा प्रश्न वेगळा आहे, दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण तो धडा आपल्याच गावात लिहिलेला आहे.

नाक आणि डोळे पुरत नाहीत

पूर्वी पाणी चांगलं की वाईट हे रंग, वास आणि चव यावरून ठरायचं. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने कोण कुठे मेलं आणि त्याने पाणी कुठलं प्यायलं याचा नकाशा काढला. त्यावरून एका पंपावर बोट ठेवता आलं. त्या पंपाचं पाणी दिसायला चांगलं होतं, लोक आवडीने न्यायचे.

आपली ग्रामपंचायतीची व्यवस्था आजही बरीचशी याच कॉलऱ्याच्या शत्रूसाठी बांधलेली आहे. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल टाकतो. विहिरीभोवती गटार आहे का, कठडा फुटलाय का, हे पाहून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलजीवन मिशनच्या किटवर गावातल्या बायका पाणी तपासतात. त्यात पीएच, कठीणपणा, लोह, नायट्रेट, फ्लोराईड, क्लोरीन, जंतू अशा गोष्टी कळतात. हे सगळं गरजेचंच आहे. जुलाब, कावीळ, टायफॉइडने आजही माणसं मरतात.

पण त्या किटमध्ये कॅडमियम दिसत नाही, शिसं दिसत नाही, औषध कारखान्यात लागणारे द्रावक दिसत नाहीत. म्हणजे हिरवं कार्ड खोटं नाही, पण ते वेगळ्या परीक्षेचं प्रमाणपत्र आहे. दहावी पास झालेल्याला आपण ड्रायव्हिंगचं लायसन्स देत नाही ना? तसंच.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण बंगालचं. तळ्याचं पाणी पिऊन पोरं दगावतात म्हणून 1970 च्या सुमारास बांगलादेशात लाखो हातपंप मारले गेले. हेतू चांगला होता. जंतू कमी झाले, पण त्या थरातल्या खडकमातीत नैसर्गिक आर्सेनिक होतं. पश्चिम बंगालमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहांनी हातापायांवरचे डाग पाहून आजार ओळखला. तरी 1992 मध्ये ब्रिटिश भूगर्भ संस्थेने बांगलादेशात सुमारे 150 विहिरींचं पाणी तपासलं, त्यात बरीच मूलद्रव्यं पाहिली, आर्सेनिक मात्र पाहिलं नाही. त्यावर खटला लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 2006 मध्ये गावकरी हरले.

म्हणून कोणी सांगितलं, "पाणी टेस्ट केलंय, चांगलं आहे," तर पहिला प्रश्न विचारायचा: कशासाठी टेस्ट केलं?

दोन वार्ताहर आणि एक आई

अमेरिकेत नायगारा धबधब्याजवळ लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खोदलेला कालवा होता. एका रसायन कंपनीने 1942 ते 1953 या काळात त्यात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा पुरला. वर माती टाकली आणि 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एक डॉलरला दिली. आत रसायनं आहेत, पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, असं विक्रीखतात लिहिलंही होतं. तरी तिथे शाळा झाली, घरं झाली. पुढे पावसाचं पाणी मुरलं, जमिनीतलं पाणी वर आलं आणि तळघरांत काळा चिकट द्रव झिरपायला लागला.

1976 मध्ये "नायगारा गॅझेट" या स्थानिक पेपरच्या दोन वार्ताहरांनी तळघरातलं पाणी उपसणाऱ्या पंपांतला गाळ तपासून घेतला. त्यात विषारी रसायनं निघाली. छोट्या पेपरची ती छोटी बातमी होती. पुढे लुईस गिब्स या आईने आपल्या मुलाच्या आजारपणानंतर दारोदार फिरून कोणाच्या घरात काय आजार आहे हे लिहून घेतलं. बेव्हर्ली पेजन या संशोधिकेने ती माहिती नकाशावर मांडली. आजारी घरं वस्तीभर सारखी पसरलेली नव्हती. कधीकाळी तिथे ओहोळ होते, ते बुजवून घरं बांधली होती, आणि आजार त्या बुजवलेल्या ओहोळांच्या रांगेने जास्त दिसत होता.

अधिकाऱ्यांनी सुरुवातीला ही माहिती उडवून लावली. पण 7 ऑगस्ट 1978 ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली आणि पहिली कुटुंबं हलवली. 1980 मध्ये दूषित जागा साफ करण्यासाठी "सुपरफंड" कायदा आला.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1980 मध्ये सरकारने तिथल्या 36 लोकांच्या गुणसूत्रांची तपासणी केली आणि 11 जणांत दोष असल्याचं जाहीर केलं. पण तुलनेसाठी दुसऱ्या गावातले लोक तपासलेच नव्हते. शास्त्रज्ञांनी त्या अहवालावर कडक टीका केली. तोवर वस्तीत हाहाकार माजला होता. लोकांनी दोन सरकारी अधिकाऱ्यांना कोंडून ठेवलं. घाईने केलेली कच्ची तपासणी ही तपासणी न करण्याइतकीच घातक ठरू शकते.

मग पद्धत ठरली

अशा अनुभवांनंतर 1983 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने धोका मोजायच्या चार पायऱ्या लिहून काढल्या. आज जगभर याच वापरतात. आपल्या भाषेत सांगतो.

1. घातक काय आहे? मातीत किंवा पाण्यात नेमकं कोणतं रसायन आहे.

2. किती मात्रेला काय होतं? मीठही किलोभर खाल्लं तर माणूस मरतो. नुसतं "सापडलं" म्हणजे आजार नव्हे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, इथे उपयोगी पडतं. एका लिटरमध्ये शिसं 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियम 0.003, पारा 0.001, नायट्रेट 45, यापेक्षा जास्त नको.

3. कोणाच्या अंगात किती जातं? सगळ्यात जास्त दुर्लक्ष या पायरीकडे होतं. विष जमिनीत आहे एवढ्याने भागत नाही. त्याला माणसापर्यंत यायला वाट लागते. वाट नसेल तर धोका नाही, आणि वाट एकच असते असंही नाही.

4. सगळं मिळून धोका किती? आणि कोणाला?

तिसरी पायरी आपल्या घरात लावून बघा. "आता नळाचं पाणी पितो, विहिरीचं पीत नाही," असं आपण म्हणतो. बरोबर. पण त्याच विहिरीवर भांडी घासली जातात, आंघोळ होते, म्हशी पितात, परसातली भाजी शिंपली जाते. काही द्रावकं गरम पाण्यातून वाफेने नाकात जातात. रांगणारं मूल माती तोंडात घालतं. नदीकाठचा माणूस मासे खातो. जपानमध्ये मिनामाताच्या खाडीत पाण्यातला पारा थोडा वाटला, पण तो माशांत साठत गेला. 1956 मध्ये आजार अधिकृतपणे नोंदला गेला, आणि कारण कारखान्याचं सांडपाणी आहे हे सरकारने मान्य केलं 1968 मध्ये. मध्ये बारा वर्षं लोक मासे खातच होते.

आणि मात्रा सगळ्यांना सारखी नसते. जागतिक आरोग्य संघटना हिशोबाला 60 किलोचा मोठा माणूस दिवसाला 2 लिटर पाणी पितो आणि 10 किलोचं मूल 1 लिटर पितं असं धरते. म्हणजे किलोमागे मोठ्याला 33 मिलिलिटर आणि मुलाला 100. पाणी एकच, पण वजनाच्या मानाने मुलाच्या अंगात तिप्पट जातं. "मला काय झालं?" असं विचारणाऱ्या काकांना माझं म्हणणं एवढंच, की प्रश्न तुमचा नाही, नातवाचा आहे.

आपली जमीन, आपला पाऊस

बाहेरच्या देशाचा हिशोब जसाच्या तसा इथे चालत नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण, वर मुरूम, माथ्यावर जांभा. पाषाणात पाणी वाळूसारखं सगळीकडून झिरपत नाही, भेगांमधून धावतं. त्यामुळे एका विहिरीचं पाणी खराब आणि शंभर पावलांवरच्या विहिरीचं चांगलं, असं सहज होऊ शकतं. शेजारच्या विहिरीचा रिपोर्ट आपल्या विहिरीला लागू होत नाही.

दुसरं, पाऊस. आपल्याकडे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या वर पडतो. ऑगस्टमध्ये विहीर तुडुंब असते, तेव्हाचं पाणी पातळ झालेलं. मे महिन्यात तळाला जे उरतं, ते वेगळं. पावसाच्या जोरावर जमिनीत अडकलेलं काही नव्याने उतरूही शकतं. म्हणून वर्षातून निदान दोन नमुने हवेत, एक मे महिन्यात आणि एक पाऊस ओसरल्यावर. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर तर घराघरात, शेताशेतात गाळ बसला. त्याआधीचा मातीचा रिपोर्ट असला तरी तो आता जुना झाला.

तिसरं, लाल पाणी दिसलं की लगेच कारखाना, असं नसतं. जांभ्यातल्या लोहानेही पाणी तांबूस होतं. नायट्रेट शेतातल्या खतातून आणि आपल्याच संडासाच्या शोषखड्ड्यातूनही येतं. आणि पाणी नितळ आहे म्हणजे कारखाना निर्दोष, असंही नसतं. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही.

चौथं, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एमआयडीसी ऐंशीच्या दशकात आली. प्लॉट सपाट करताना किती ओहोळ बुजले, कुठला पऱ्या वळवला, कुठली जुनी विहीर भरावाखाली गेली, हे कोणत्या नकाशात सापडेल ते सापडेल, पण गावातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात ते पक्कं आहे. लव्ह कॅनॉलमध्ये जो धागा पेजनबाईंना सापडला, तो आपल्याकडे या आजी-आजोबांकडे आहे. ती पिढी जाण्याआधी हा नकाशा कागदावर यायला हवा.

आकडे लहान असले की काय होतं

माझ्याकडे लोक कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन येतात. एक मावशी दोन तास एसटीची वाट बघून आल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या आळीत तीन जणांना कॅन्सर झाला, हे घे पाणी, पेपरात टाक." त्यांना मी काय सांगू? तीन ही संख्या आईसाठी, बायकोसाठी आभाळाएवढी असते आणि संख्याशास्त्रासाठी फार लहान. कॅन्सर वाढायला दहा-वीस वर्षं लागतात, तोवर माणूस मुंबईला गेलेला असतो किंवा मुंबईहून परत आलेला असतो.

अमेरिकेतल्या वोबर्न गावात हेच झालं. 1970 च्या दशकात शेजारपाजारच्या मुलांना ल्युकेमिया व्हायला लागला. अॅन अँडरसन नावाच्या आईला पाण्याचा संशय होता. 1979 मध्ये गावाच्या दोन विहिरींत द्रावकं सापडली आणि त्या बंद झाल्या. 1981 च्या सरकारी अहवालाने एवढंच सांगितलं की मुलांमध्ये प्रमाण जास्त आहे, पण पाण्याशी संबंध दाखवता येत नाही. नंतर कोणत्या महिन्यात कोणत्या गल्लीत कोणत्या विहिरीचं पाणी जात होतं याचा हिशोब काढला गेला. तेव्हा नव्वदच्या दशकातल्या अभ्यासात गरोदरपणी ते पाणी पिणाऱ्या आयांच्या मुलांत धोका जास्त दिसला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. "संबंध सिद्ध झाला नाही" याचा अर्थ "संबंध नाही" असा होत नाही. आणि संबंध शोधता आला तो पाणीपुरवठ्याच्या जुन्या नोंदी शिल्लक होत्या म्हणून.

देशातला दाखला: बिछडी

राजस्थानात उदयपूरजवळचं बिछडी. तिथे 1988 च्या सुमारास रंगांसाठी लागणारं एच अॅसिड बनवलं गेलं. माल झाला सुमारे 375 टन, पण मागे गाळ उरला 2440 टन. तो उघड्यावर पडला, पावसात विरघळला आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी लालसर-काळं झालं. गाव पेटून उठलं, जमावबंदी लागली. उत्पादन 1989 च्या सुरुवातीला बंद झालं. म्हणजे कारखाना चालला जेमतेम, पण विहिरी पुढे कित्येक वर्षं गेल्या.

13 फेब्रुवारी 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याने घाण केली त्यानेच सफाईचा खर्च भरायचा. नागपूरच्या नीरी संस्थेचे अहवाल त्यात महत्त्वाचे ठरले. तरी पैसे वसूल होईनात. 2011 मध्ये न्यायालयाला पुन्हा 37 कोटींच्या वर रक्कम चक्रवाढ व्याजासकट भरायचा आदेश द्यावा लागला. भोपाळचं तर सगळ्यांना माहीत आहे. 1984 ची दुर्घटना, आणि कारखान्यात पडून असलेला 337 टन कचरा हलला 2025 च्या जानेवारीत.

आता आपण काय करायचं

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. आजवर असे वेगळे नियमच नव्हते. यात संशयित जागांची यादी करायचं काम स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर आहे, लोकांच्या तक्रारीवरूनही. मग ठरलेल्या मुदतीत प्राथमिक तपासणी, नंतर सविस्तर तपासणी, आणि दूषित ठरली तर जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून. देशात 103 जागा आधीच ओळखलेल्या होत्या, त्यातल्या 7 ठिकाणीच सफाई सुरू झाली होती. म्हणजे नुसत्या नियमाने काही हलत नाही, कोणीतरी पहिला कागद टाकावा लागतो.

तो कागद ग्रामसभेचा असू शकतो. माझ्या डोक्यात पाच गोष्टी आहेत.

• गावातल्या प्रत्येक विहिरीला आणि बोअरला नंबर द्या. चालू, बंद, बुजलेली, सगळ्यांना. कोण कशासाठी वापरतं तेही लिहा.

• सत्तरीच्या लोकांना घेऊन जुने ओहोळ आणि पऱ्ये नकाशावर काढा.

• ग्रामसभेचा ठराव करून भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जड धातू आणि द्रावकांची तपासणी मागा. नुसतं "पाणी तपासा" असं लिहू नका. तुलनेसाठी वरच्या अंगाच्या, कारखान्यांपासून लांबच्या गावातले नमुनेही मागा. सावित्रीवर दादली, ओवळे इथले मंडळाचे आकडे निघतात, तेही मागवून ग्रामपंचायतीत लावा.

• कोल्ड्रिंकच्या बाटलीतला नमुना कुठेच टिकत नाही. बाटली प्रयोगशाळेने दिलेली हवी, तारीख, वेळ आणि विहिरीचा नंबर त्यावर हवा, पंचांसमोर भरलेली हवी.

• आशाताईंच्या मदतीने आजारांची वही ठेवा. नावं जाहीर न करता. आजार, वय, गावात किती वर्षं, कुठल्या विहिरीचं पाणी.

आणि तोवर? संशय असलेल्या विहिरीचं पाणी पिण्याला आणि लहान मुलांच्या अन्नाला वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत, उलट पाणी आटलं की थोडे घट्टच होतात. तुरटी आणि टीसीएलचाही त्यावर इलाज नाही.

एमआयडीसीत आपलीच पोरं कामाला आहेत, कित्येक घरांची चूल त्यावर पेटते, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, नोंद ठेवणं म्हणजे कारखाना बंद करा म्हणणं नव्हे. पाणी चांगलं निघालं तर गावाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, आणि चांगली व्यवस्था ठेवणाऱ्या कारखान्यालाही ते हवंच असेल. वाईट निघालं तर निदान पुढच्या पिढीला "सिद्ध करा" म्हणणाऱ्यासमोर रिकाम्या हाताने उभं राहावं लागणार नाही.

पुढच्या ग्रामसभेला या. वही आणि पेन मी आणतो, विहिरींचे नंबर तुम्ही सांगा.

पटलं तर आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका.